डाव्या अंगाची फळी

पिरोश्काने अर्जात ‘लाकूडकाम’ असं लिहिलं तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे खुर्च्या होत्या. हंगेरीच्या सपाट मैदानातल्या एका गावात ती सुतारकामाच्या शाळेत शेवटच्या वर्षाला होती. तिथे सगळ्यांत उंच म्हणजे चर्चचा मनोरा आणि सगळ्यांत खोल पाणी म्हणजे घरामागची विहीर. शाळेतल्या मुलांना काही महिने परदेशी कामावर धाडायची युरोपातली योजना असते. तिच्या वर्गातलं कुणी ऑस्ट्रियात स्वयंपाकघराची कपाटं करायला गेलं, कुणी डेन्मार्कला टेबलं करायला. पिरोश्काच्या वाट्याला आला नॉर्वेचा पश्चिम किनारा आणि ओस्मुंदचं होडीघर. आता होडीही लाकडाचीच असते, तेव्हा योजनेवाल्यांचं काही चुकलं असं म्हणता येत नाही.

ओस्मुंद साठीच्या पुढचा, उंच, जरा वाकलेला. त्याच्या घरात तीन पिढ्या एकाच जातीची होडी होत आली होती. चार वल्ह्यांची, दोन्ही टोकांना निमुळती, एका बाजूला मोजून तीन रुंद फळ्या, बस्स. तो बोलायचा कमी आणि त्यातलंही निम्मं कॉफीबद्दल असायचं. त्याचा दुसऱ्या वर्षाचा शिकाऊ होवार्ड मात्र धन्याच्या वाट्याचंही बोलून घ्यायचा. पहिल्या दिवशी पिरोश्काने होडीचा नकाशा मागितला तेव्हा होवार्डने ओस्मुंदच्या टकलाकडे बोट दाखवलं.

“नकाशा त्या डब्यात आहे. झाकण कुणाला उघडत नाही.”

चेष्टा वाटावी, पण खरंच तसं होतं. ओस्मुंद एक डोळा मिटून बघायचा, फळीवर पेन्सिलीने एक रेघ ओढायचा आणि त्या रेघेवर कुऱ्हाड चालवायचा. पिरोश्का शाळेत मिलिमीटरच्या फरकावरून ओरडा खाल्लेली मुलगी. तिचा पहिला आठवडा उघड्या तोंडाने गेला. विशेषतः कण्याला, म्हणजे होडीच्या तळातल्या मधल्या लांब तुळईला, लागून असणारी तळाची फळी बसवली तो दिवस. ती फळी होडीच्या मध्यावर जवळजवळ आडवी झोपलेली असते आणि टोकाला पोचेपर्यंत उभी ठाकलेली असते. एकच लांबच लांब पाइनची फळी, तिला अशी पिळायची. उजव्या बाजूची फळी ओस्मुंदने बसवली. होवार्ड गरम पाणी ओतत होता, ओस्मुंद शिकंजे आवळत होता. लाकूड कण्हलं, कुरकुरलं, आणि मग हळूच वळलं. पिरोश्काला वाटलं, हे सुतारकाम नव्हे, हे गाईचं बाळंतपण आहे. तिने ते होवार्डला सांगितलं. त्यावर तो म्हणाला की गाय निदान लाथ मारण्याआधी मान वळवून बघते.

त्यानंतर आठ-दहा दिवसांत ओस्मुंदचा खांदा धरला. डॉक्टरांनी शिकंजा आवळायची बंदी केली, आणि ओस्मुंदने डाव्या अंगाची तळाची फळी पिरोश्काच्या हातात दिली. असं काही पाहुण्या शिकाऊला कुणी देत नाही. होवार्डलाही पहिल्या वर्षी मिळाली नव्हती, आणि तो ते दिवसातून दोनदा ऐकवायचा. पण फळीला हात लावायच्या वेळी त्यानेच तिच्या शेजारी उभं राहून शिकंजे धरले. फळीच्या नि कण्याच्या मध्ये डांबरात भिजवलेली लोकरीची दोरी घालायची, मग तांब्याचे खिळे. पिरोश्का संध्याकाळी खोलीवर गेली तेव्हा तिला स्वतःच्या हातांकडे बघावंसं वाटत होतं, आणि ती खरोखर बराच वेळ बघत बसली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ओस्मुंद म्हणाला की शरद ऋतूपासून त्याला आणखी एक शिकाऊ लागणार आहे. तिला राहायचं असेल तर शाळेशी बोलता येईल, इथलंच कारागिरीचं प्रमाणपत्र मिळेल.

“पण आधी होडी पाण्यात जाऊ दे,” तो म्हणाला. “मग बोलू.”

बस्स, तेव्हापासून पिरोश्काची झोप उडाली. गावी परतल्यावर तिची जागा ठरलेली होती, खुर्च्यांच्या कारखान्यात, एकसारखे पाय एकसारख्या भोकांत ठोकायला. महिन्यापूर्वीपर्यंत तिला त्यात काही वाईट दिसत नव्हतं. आता त्या खुर्च्यांचा विचार जरी आला तरी तिचा जीव कोंडायचा. राहायचं की जायचं हे त्या एका फळीवर होतं, आणि फळी पाण्यात कशी वागेल हे तिला ठाऊक नव्हतं.

मे महिना उजाडला आणि त्या किनाऱ्यावर कधी नव्हे तो कोरडा गेला. रोज ऊन. ज्या गावात लोक छत्री विसरले तर परत घरी जातात तिथे लोकांची नाकं भाजली, आणि लोक पावसावर करायचे तितकीच कुरकुर उन्हावर करू लागले. होडी तयार होऊन शेडमध्ये, उघड्या दाराशी, ऊन खात पडली होती.

एका रविवारी पिरोश्का एकटीच तिथे गेली. रविवारी तिकडे कुणी हातोडा उचलत नाही, शेजारी खिडकीतून बघतात. तिला नुसती आपली फळी बघायची होती. ती होडीखाली उताणी सरकली. टोकाकडे, जिथे फळी उभी व्हायला लागते तिथे, फळी आणि कण्याच्या मधून, लोकरीच्या दोरीच्या कडेने, उजेडाचा एक दोरा दिसत होता. हातभर लांब.

बाकीच्या सांध्यांकडे तिने पाहिलंच नाही. माणूस आरशात आपल्याच तोंडावरचा डाग शोधतो. शाळेतल्या मास्तरांचं पहिल्या तासाचं वाक्य तिच्या कानात घुमू लागलं की सांध्यात फट म्हणजे सुतारात खोट. मग तिने तेच केलं जे कुठलाही खुर्चीवाला सुतार करतो. आपल्या पेटीतला, पाण्याला दाद न देणारा सरस काढला, त्यात बारीक भुसा कालवला, पातळ पात्याने तो लगदा फटीत दाबून दाबून भरला, कोरडा झाल्यावर घासला आणि वरून डांबराचा हात फिरवला. काम इतकं साफ झालं की ओस्मुंदच्या डोळ्यालाही कळू नये. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पिरोश्का मूठ झाकून खोलीवर आली.

अशा फटीचं काय करायचं असतं ते तिला कुणी सांगितलं कसं नाही, असं वाटेल. ओस्मुंदने सांगितलं नाही, कारण माशाला कुणी पोहायचं कसं ते सांगत नाही. त्या किनाऱ्यावरचं शाळकरी पोरही ते जाणतं. आणि होवार्ड, जो सगळं बोलायचा, तो नेमकं तेवढंच बोलला नव्हता.

मंगळवारी होडी पाण्यात गेली. होडी ज्यांची होती त्या बोर्गहिल्डबाई, निवृत्त नर्स, वॉफल भाजायचं यंत्र काखेत मारूनच आल्या. चौघांनी मिळून होडी चरबी चोपडलेल्या ओंडक्यांवरून ढकलली, आणि ती पाण्यात शिरली ती लोण्यात सुरी शिरावी तशी. काठावर उभ्या असलेल्या पिरोश्काचा ऊर भरून आला. जमिनीवर असताना ती नुसती लाकडाची वस्तू होती. पाण्यावर तिला मान आली, पाठ आली, ती जराशा लाटेवर हलली. सहा फळ्यांचं एवढं काहीतरी होऊ शकतं हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

मग पाणी आत येऊ लागलं.

थोडंथोडकं नाही. प्रत्येक सांध्यातून, प्रत्येक फळीच्या खालून, मध्यावर, मागे, उजवीकडे. होडीच्या तळात बघता बघता घोटाभर पाणी झालं. पिरोश्काच्या तोंडचं पाणी पळालं. ती लाकडी डोणं उचलून उपसायला धावली, तर होवार्डने तिची बाही धरली.

“काय करतेस? पिऊ दे तिला.”

“बुडतेय ती.”

“मग बुडू दे की. तिला तहान लागलीय.”

तिने वळून बघितलं. ओस्मुंद दगडावर बसून कॉफी ओतत होता. बोर्गहिल्डबाई वॉफलवर तपकिरी चीज ठेवत होत्या, आणि जॅम हवा की नको हे तिला विचारत होत्या. नवीकोरी होडी डोळ्यांदेखत बुडत होती आणि मंडळींचं खाणं चाललं होतं. पिरोश्काला क्षणभर वाटलं, एक तर ही माणसं वेडी आहेत नाहीतर आपण.

होवार्डने मग तोंडात वॉफल कोंबून समजावलं. कोरडं लाकूड पाणी पितं. पितं तसं फुगतं. फुगतं तशी प्रत्येक फळी शेजारच्या फळीला आणि कण्याला दाबत जाते. होडी काठोकाठ भरू द्यायची, दोन-तीन दिवस तशीच ठेवायची. तळाशी जात नाही, लाकूडच ते. नंतर उपसली की थेंब आत येत नाही. फळ्या बसवताना सगळं बंद करायचं नसतंच.

“आपण निम्मं करतो,” होवार्ड म्हणाला. “निम्मं पाणी करतं. तुमच्याकडे बाळ जन्मलं की त्याला पाजत नाहीत का?”

पिरोश्का ऐकत राहिली. लाकडाला पाणी लागलं की काम संपलं, असं तिला चार वर्षं शिकवलं होतं. तिच्या शाळेत पाण्याची बाटलीसुद्धा बाकावर ठेवू देत नसत. आणि इथे ओस्मुंद, त्याचा बाप, त्याचा आजा, सगळे शेवटचा हात पाण्याला फिरवायला देऊन खुशाल कॉफी पीत बसत आले होते. एवढा विश्वास तिने कधी कुणी कुणावर टाकलेला पाहिला नव्हता.

आणि तेवढ्यात तिची नजर डाव्या टोकाकडे गेली. सगळी होडी पाझरत होती आणि तिथे, हातभर लांबीचा सांधा, ठणठणीत कोरडा होता.

खोटं कशाला सांगायचं, पहिल्या क्षणी तिला अभिमान वाटला. दुसऱ्या क्षणी होवार्डचं बोलणं आत उतरलं. लाकूड फुगणार. फुगायला त्याला जागा हवी. ती जागा तिने दगडासारख्या सरसाने बुजवून टाकली होती.

“ओस्मुंद,” होवार्ड हसत म्हणाला, “पाहुणीची फळी पीतच नाहीये बघा. उपास आहे वाटतं.”

ओस्मुंदने कप खाली ठेवला. बूट-पँटसकट तो पाण्यात उतरला, होडीच्या टोकाशी वाकला, सांध्यावरून तळवा फिरवला. एकदा, मग पुन्हा. चोराच्या मनात चांदणं, पिरोश्काला वाटलं त्याच्या बोटांना सरस कळला. पण तो परत आला तो बोर्गहिल्डबाईंकडे, आणि खाली मान घालून बोलला. त्या टोकाला लाकडात राळ जास्त असणार. राळेचं लाकूड पाणी घेत नाही. बाकीचं फुगून रेटा देईल आणि ही फळी तिथेच फाटेल. होडी बाहेर काढून फळी उपटायची, चुलीत घालायची, दुसरी बसवायची. बाईंना महिनाभर थांबावं लागेल, आणि चूक त्याची आहे.

मग तो पिरोश्काकडे वळला.

“तुझ्या हाताचा दोष नाही. लाकूड मी निवडलं होतं. वय झालं, नजर चुकली.”

तो खरंच तसं मानत होता. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते तिला बघवेना. आयुष्यभर ज्या डोळ्याने रेघ ओढली त्या डोळ्यावरचा त्याचा भरवसा तिच्यासमोर उडत चालला होता. आणि गप्प बसलं तर तिचं काहीच जाणार नव्हतं. फळी चुलीत जाणार, सरस फळीबरोबर जळणार, शरद ऋतूतली जागा शाबूत. तिने फक्त वॉफल खायचं होतं.

“राळ नाहीये ती,” ती म्हणाली. “सरस आहे. मी भरला. परवा, रविवारी.”

होवार्डचं चावणं थांबलं.

“का?” ओस्मुंदने विचारलं.

“उजेड दिसला.”

“आणि मला विचारलं नाहीस.”

“नाही.”

“आत्ता माझं बोलणं ऐकत उभी राहिलीस.”

“हो.”

ओस्मुंद तिच्याकडे बघत राहिला. तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त थकलेला दिसला. मग त्याने होवार्डला दोर आणायला सांगितला, कारण लाकूड पीत होतं आणि ते कुणासाठी थांबणार नव्हतं.

अर्धी भरलेली होडी ओढणं म्हणजे गाळात रुतलेला रेडा ओढणं. बोर्गहिल्डबाईंनीही पदरचा जोर लावला. होडी ओंडक्यांवर आली, पाणी धो धो वाहून गेलं, आणि पिरोश्का तिच्याखाली उताणी झोपली. होवार्डने करवतीचं एक जुनं पातं मोडून दिलं. वरून थंडगार पाणी तिच्या गळ्यात, कानात ठिबकत होतं आणि ती सरस खरवडत होती. लगदा वरवरच गेला होता, आतली लोकर जागेवर होती, हेच नशीब. तिची बोटं सोलवटली. ओस्मुंद एका हाताने दिवा धरून शेजारी गुडघ्यांवर बसला होता, आणि तिचं पातं लाकडात जाऊ लागलं की नुसतं “हं” म्हणायचा. ती पातं वळवायची. त्या सगळ्या वेळात तो तेवढंच बोलला.

शेवटचा तुकडा निघाला तेव्हा सांध्यातून पुन्हा उजेडाचा दोरा दिसला.

होडी पुन्हा पाण्यात गेली. सगळे वाकून डाव्या टोकाकडे बघू लागले. आधी काही नाही. मग सांध्यावर एक ओला डाग उमटला, तो लांबला, त्याला थेंब आले, थेंबांची धार झाली.

“आलं,” होवार्ड म्हणाला.

आपण केलेल्या कामातून पाणी गळतंय आणि आपल्याला देव भेटल्यासारखं वाटतंय, असं काही पिरोश्काच्या शाळेतल्या कुणाला सांगितलं असतं तर त्यांनी तिला घरी पाठवलं असतं. ती गुडघाभर पाण्यात उभी राहून गालांवरचं पुसत राहिली.

बोर्गहिल्डबाई घरी गेल्यावर ओस्मुंदने तिला शेडमध्ये बोलावलं. छपराखाली त्याच्या आज्याच्या हातची होडी दोरांनी टांगलेली होती. त्या होडीखालून पिरोश्का फेब्रुवारीपासून ये-जा करत होती, पण मान वर करून कधी बघितलं नव्हतं. ओस्मुंदने तिला बरोबर तिच्याखाली उभं केलं आणि छपराच्या काचेवरचं ताडपत्रीचं झाकण ओढून बाजूला केलं.

होडीच्या प्रत्येक सांध्यातून उजेड गळू लागला. कण्याच्या दोन्ही अंगांनी, फळीफळीच्या मधून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सगळी होडी उजेडाच्या रेघांनी आखल्यासारखी झाली, आणि त्या रेघा पिरोश्काच्या तोंडावर, खांद्यांवर, ओल्या शर्टावर पडल्या.

“दर जूनमध्ये पाण्यात जाते,” ओस्मुंद म्हणाला. “एक रात्र बुडते. मग मी तिच्यातून मासे धरायला जातो. माझा बाप जायचा, त्याचा बाप जायचा.”

एवढं एका दमात बोलून तो निघून गेला. राहायच्या गोष्टीबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही, आणि विचारायचं तोंड तिला नव्हतं.

पुढचे दिवस नवी होडी काठाशी बांधलेली, काठोकाठ भरलेली, भरतीबरोबर वर आणि ओहोटीबरोबर खाली होत राहिली. पिरोश्का कामावर जाताना आणि येताना तिच्यापाशी थांबायची. बघण्यासारखं काही नव्हतं. पाण्यात पाणी भरलेली होडी, बस्स. पण आत, न दिसता, लाकूड सरकत होतं, आणि त्यात कुणाचा हात नव्हता, हे तिच्या मनातून जात नव्हतं.

शुक्रवारी सकाळी ओस्मुंदने तिच्या हातात डोणं दिलं. तिने उपसायला सुरुवात केली. पाणी उतरत गेलं, फळ्या दिसू लागल्या, तळ दिसू लागला, शेवटचं पाणी तिने फडक्याने टिपून घेतलं. मग तिघंही होडीत बसून वाट बघत राहिले.

तळ कोरडा होता. कोरडाच राहिला.

पिरोश्काने वाकून डाव्या टोकाच्या सांध्यावर हात ठेवला. मग उजव्या. उजवीकडे ओस्मुंदच्या चाळीस वर्षांच्या हाताचं काम होतं, डावीकडे तिचं पहिलं. तिने डोळे मिटून दोन्हीकडे बोटं फिरवली. फळी कुठे संपते आणि कणा कुठे सुरू होतो हे बोटांना एकाही बाजूला सापडेना. जे तिच्या शिकंज्याने झालं नव्हतं, जे ओस्मुंदच्याही शिकंज्याने होत नाही, ते पाण्याने करून ठेवलं होतं, आणि करताना कोण कसलेला आणि कोण नवखा हे बघितलं नव्हतं. तिला वाटलं, आपण आजवर ज्याला लाकूड म्हणत होतो ते दुसरंच काही होतं.

“तुम्ही मला काही म्हणाला नाहीत,” ती शेवटी म्हणाली. डोळे अजून मिटलेलेच होते. “त्या सरसाबद्दल.”

ओस्मुंद उठला. होडी हलली. त्याने धक्क्यावर पाय ठेवला, दुखऱ्या खांद्यावरची पट्टी सारखी केली, आणि मग बोलला.

“पुन्हा फट दिसली की मला हाक मारायची. रविवार असला तरी.”

पिरोश्काने डोळे उघडले.

“पुन्हा म्हणजे?”

“सप्टेंबरात नवी होडी धरायची आहे,” तो म्हणाला, आणि कॉफी ठेवायला आत गेला.